तेहतीस घरांची हिशेबवही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी मंडळी आपल्या चोपड्यांची पूजा करतात. आमच्या घरी ना दुकान होते, ना पेढी. होती ती फक्त महिनाअखेरची ओढाताण. तरीसुद्धा आमचे दादा त्या दिवशी समईपुढे पाटावर घरखर्चाची वही ठेवीत, तिला हळदकुंकू वाहत आणि म्हणत, "अरे, लक्ष्मी यायची तर तिच्या आधी तिचा हिशेब यावा लागतो." आम्ही भावंडे गालातल्या गालात हसत असू. पुढे वय वाढले तसे त्या वहीचे मोल कळू लागले. माणूस पत्रात थोडेसे खोटे लिहितो, आत्मचरित्रात पुष्कळच लिहितो. पण 'रॉकेल दोन बाटल्या' हे खोटे लिहिण्याचे त्याला काहीच कारण नसते.

वर्षभर या सदरात आपली गाठ पडते ती पान-दीड पानापुरती. दिवाळीला मात्र संपादक जरा ऐसपैस बैठक घालून देतात. तेव्हा म्हटले, यंदा वाचकांपुढे अशीच एक जुनी वही उघडावी. ही वही दादांची नव्हे आणि कोणा शेठजींचीही नव्हे. ती आहे इंग्लंडातल्या एका आडगावच्या पाद्रीबुवाची. तिला साडेचारशेहून अधिक वर्षे झाली. तीत मेणबत्त्या आहेत, मेंढ्या आहेत, लोकर आहे, उधारउसनवार आहे. आणि या सगळ्याच्या आडून एका मोठ्या धर्मक्रांतीची हकीगत आहे.

शाळेत आपण सर्वांनीच ती क्रांती पाठ केली आहे. 1517 साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने पोपच्या क्षमापत्रांविरुद्ध आवाज उठवला. त्यातून प्रॉटेस्टंट पंथ निघाला. इंग्लंडात आठव्या हेन्रीला पहिल्या राणीपासून सुटका हवी होती, पोप ती देईना, म्हणून 1534 साली राजा स्वतःच इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा मुख्य होऊन बसला. परीक्षेत एवढे लिहिले की पाच गुण मिळत. पण मास्तरांना एक प्रश्न विचारायचा आपल्यापैकी बहुतेकांचा राहूनच गेला. राजाने लंडनला हुकूम काढला, पंडितांनी विद्यापीठात वाद घातले, हे सगळे ठीक. पण दूर खेड्यात, जिथे लोकांना आपल्या संताच्या मूर्तीपुढे दिवा लावायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, तिथे ही सुधारणा रुजली कशी? एका रविवारी लोक जुने होते आणि पुढच्या रविवारी नवे झाले, असे तर होत नाही.

याचे उत्तर त्या वहीत आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगणा आहे. तिथे एक्समूर नावाच्या माळरानाच्या दक्षिण कडेला मोरबाथ नावाचे खेडे आहे. सोळाव्या शतकात तिथे घरे होती अवघी तेहतीस. डोंगरउताराची जमीन, पाऊस भरपूर, धंदा मेंढपाळीचा. गावात संत जॉर्जचे लहानसे चर्च. 1520 साली तिथे एक तरुण पाद्री नेमणुकीवर आला. त्याचे नाव सर क्रिस्टोफर ट्रिकी. हा 'सर' म्हणजे राजाने दिलेला किताब नव्हे बरे का! आपण भटजींना जसे 'बुवा' किंवा 'शास्त्री' म्हणतो, तसे त्या काळी साध्या पाद्रीला 'सर' म्हणत. हे ट्रिकीबुवा आले ते 1574 साली मृत्यूनेच त्यांना उठवीपर्यंत तिथेच राहिले. एक गाव, एक चर्च आणि चोपन्न वर्षे!

गावातली कारभारी मंडळी दर वर्षी बदलत. बहुधा घरांच्या पाळीने हे काम येई आणि त्यात बायकांचीही पाळी लागे. पण हिशेब लिहायचे बुवांनीच. वर्षअखेरीला सगळ्या गावासमोर ते वाचून दाखवायचे. त्यामुळे ही वही नुसती आकड्यांची नाही. तीत बुवा बोलतात. कोणी किती दिले, कोणाकडे किती राहिले, कोणाच्या हातून मेंढी दगावली, हे सारे समोर बसलेल्या माणसाला ऐकवावे तसे लिहिले आहे. आपल्याकडच्या देवळाच्या वार्षिक सभेत खजिनदार उभे राहिले म्हणजे जशी कुजबुज, हशा आणि क्वचित चकमक होते, तशीच ती वही वाचताना कानावर येते. भांडणेही होती. चर्चच्या घंटावाल्या सेवकाचा पगार कोणी किती द्यायचा, यावरून 1530 नंतरच्या त्या दशकात गावात अनेक वर्षे धुसफूस चालली होती.

आता या चर्चचा पैसा येई कुठून? इथेच खरी मौज आहे. चर्चची एकच तिजोरी नव्हती, कितीतरी खाती होती. संत जॉर्जचे एक, मरियामातेचे एक, गावातल्या तरुण मुलग्यांचे एक, अविवाहित मुलींचे एक, अशी ती निरनिराळी. प्रत्येक खात्याचे काम एवढेच की, आपापल्या मूर्तीपुढचा दिवा तेवत ठेवायचा. मुलींच्या खात्याचा कारभार मुलीच पाहत. वर्गणी गोळा करून मेण आणत. बऱ्याच खात्यांच्या स्वतःच्या मेंढ्या होत्या. त्या गावकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असत. म्हणजे अमक्याच्या कळपात एक मेंढी संत जॉर्जची, तमक्याच्या कळपात एक मरियामातेची. लोकर कातरली की त्या मेंढीचा पैसा त्या खात्यात. शिवाय वर्षातून एकदोनदा घरी गाळलेली बिअर विकून गावजेवण होई आणि त्याचा नफा चर्चला. देव, शेत, तारुण्य आणि खाणेपिणे ही चार खाती गावाने निरनिराळी ठेवलीच नव्हती.

ट्रिकीबुवांची स्वतःची भक्ती होती ती एक्सेटर शहराच्या सिडवेल नावाच्या संत स्त्रीवर. गावात येताच त्यांनी तिची मूर्ती चर्चला दिली आणि हळूहळू साऱ्या गावाला तिची ओढ लावली. बायका मरताना आपली जपमाळ तिच्या नावे ठेवू लागल्या. मूर्तीला चांदीचा जोडा झाला. 1534 साली एका चोराने शिडी लावून मनोऱ्याच्या खिडकीतून आत शिरून तो चांदीचा जोडा आणि उपासनेतला प्याला पळवला. गाव हळहळले. पण नंतर झाले काय? गावातली तरुण मुले-मुली एकत्र आली, त्यांनी आपापसांत पैसे जमवले आणि नवा प्याला आणून दिला. गावाच्या तिजोरीला एका पैचाही भार पडू दिला नाही. वहीत ही नोंद करताना बुवांचा अभिमान लपत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. मृतांच्या प्रार्थनेच्या वेळी घालायला काळ्या वस्त्रांचा एक जोड हवा, ही बुवांची मोठी हौस. गाव गरीब, मागणार कोणाजवळ? चर्चच्या मेंढ्यांच्या लोकरीत पाद्री म्हणून जो आपला वाटा येई, तो बुवा स्वतः न घेता या वस्त्रांसाठी बाजूला ठेवू लागले. आज चार पेन्स, उद्या सहा पेन्स. अशी सुमारे वीस वर्षे गेली. शेवटी 1547 साली ती काळी वस्त्रे आली.

ते साल लक्षात ठेवा.

तोवर हेन्रीच्या हुकुमांचे पहिले पडसाद मोरबाथला पोचले होतेच. 1538 साली आज्ञा झाली की, मूर्तीपुढे दिवे लावू नयेत. प्रत्येक चर्चने इंग्रजी बायबल विकत घेऊन सर्वांना वाचता येईल असे ठेवावे. जन्म-विवाह-मृत्यूची नोंदवही ठेवावी. दिवे गेले म्हणजे मेण गेले. मेण गेले म्हणजे मुलींच्या खात्याला कामच उरले नाही. वादविवादाने नव्हे, कोणाच्या शापाने नव्हे. कारण उरले नाही म्हणून ती खाती मिटत चालली.

1547 च्या जानेवारीत हेन्री वारला आणि नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला. त्याच्या नावाने राज्य करणारे सल्लागार पक्के प्रॉटेस्टंट. मग हुकुमांची झड लागली. मूर्ती काढा. मिरवणुका बंद. मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करायला ठेवलेली सगळी इनामे राजाच्या खजिन्यात. पश्चिमेकडच्या परगण्यांत बिअरची गावजेवणेही बंद. बुवांनी वीस वर्षे पै पै साठवून घेतलेली वस्त्रे ज्या प्रार्थनेसाठी होती, ती प्रार्थनाच आता गैर ठरली. त्या वर्षीच्या हिशेबात बुवांनी यावर व्याख्यान दिलेले नाही. हिशेबाच्या वहीत तशी पद्धत नसते.

पण आकडे बोलतात. गावजेवण बंद झाल्याने उत्पन्न बंद. दिवे बंद म्हणून मेंढ्या विकल्या, म्हणजे कायमचे उत्पन्नही गेले. आणि खर्च? तो मात्र वाढला! नवे बायबल घ्या, नवी भाष्ये घ्या, नवे प्रार्थनापुस्तक घ्या. चर्चमधल्या जुन्या गोष्टी पाडायला मजूर लावा. त्याचे पैसेही गावानेच द्यायचे. पुढे तर रस्ते-पूल आणि लष्कराच्या पट्ट्या त्याच वहीत येऊन बसल्या. ज्या सुधारणेसाठी पैसा हवा, तिनेच पैसा देणारी गाय विकायला लावली होती. पाद्रीने आणि चार घरांनी उसने दिले तेव्हा कुठे जमाखर्च जुळला. ज्या गावात प्रत्येक घरच्या पोरीबाळींचासुद्धा एका खात्यात वाटा होता, तिथे आता एकच खाते उरले आणि तेही रिकामे.

1549 च्या जूनमध्ये पेंटेकॉस्टच्या सणाला सगळ्या इंग्लंडात लॅटिनऐवजी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टने या गावच्या लोकांनी आपल्या पाद्रीला जुनी वस्त्रे चढवायला लावून जुनी उपासना करायला भाग पाडले. ठिणगी पडली. कॉर्नवॉल आणि डेव्हनचे हजारो शेतकरी उठले. कॉर्नवॉलच्या कितीएक लोकांना इंग्रजी कळतच नव्हते. त्यांना ही नवी भाषाही जुन्या लॅटिनइतकीच परकी. त्यातच मेंढ्यांवर नवा कर बसला होता. बंडवाल्यांनी एक्सेटर शहराला सुमारे पाच आठवडे वेढा घातला.

आणि आपले तेहतीस घरांचे गाव? वहीत एक नोंद आहे. गावचे पाच तरुण एक्सेटरबाहेरच्या छावणीवर गेले आणि त्यांना वाटखर्चाला पैसे, तलवार, धनुष्य हे गावाच्या पैशातून दिले गेले. छावणी होती ती बंडवाल्यांची! राजाविरुद्ध हत्यार उचलणाऱ्यांचा खर्च पाद्रीबुवांनी, मेणबत्तीचा लिहावा तसा, वहीत लिहून ठेवला. ही वही 1904 साली छापून प्रसिद्ध झाली होती. पण त्या ओळीचा अर्थ पुढे सुमारे शंभर वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही. केंब्रिजचे इतिहासकार एमन डफी यांनी 2001 साली मोरबाथवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्या ओळीचे मोल जगाला कळले.

बंड मोडले. राजाच्या सैन्यात जर्मन आणि इटालियन भाडोत्री शिपाईही होते. हजारो माणसे पडली. एक्सेटरजवळच्या एका पाद्रीला जुन्या उपासनेच्या वस्त्रांसकट त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर फाशी दिले. मोरबाथच्या त्या पाचांपैकी काहींची नावे पुढे वहीत पुन्हा दिसत नाहीत. अगदी लहान गाव ते. तिथे नाव नाहीसे होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

यानंतर ट्रिकीबुवा मान खाली घालून इंग्रजी प्रार्थना म्हणू लागले.

1553 साली एडवर्ड वारला आणि कॅथलिक राणी मेरी आली. पुन्हा सगळे जुने! आणि मग एक नवल घडले. हुकूम आला तेव्हा ज्या मूर्ती, लाकडी नक्षीचे तुकडे आणि पुस्तके नाहीशी झाली होती, ती गावातल्या घराघरांतून परत येऊ लागली. कोणी माळ्यावर ठेवले होते, कोणी पेटाऱ्यात; लोकांनी ते जिवापाड जपले होते. कोणी काय आणून दिले याची नोंद बुवांनी कृतज्ञतेने केली आहे. पण मेरीच्या राज्याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. तिच्या पाच वर्षांत सुमारे 280 प्रॉटेस्टंटांना आपल्या श्रद्धेसाठी जिवंत जळावे लागले. त्यांत विणकर, मजूर, बायकाही होत्या. छळाला पंथ नसतो. गादीवर कोण आहे एवढेच तो पाहतो.

1558 च्या नोव्हेंबरात एलिझाबेथ राणी झाली आणि गाडा पुन्हा उलट फिरला. 1559 च्या कायद्याने इंग्रजी प्रार्थनापुस्तक परत आले आणि रविवारी चर्चला न येणाऱ्यास दर खेपेस 12 पेन्स दंड बसला. या वेळी मात्र गाडा परत फिरला नाही. राणीने चव्वेचाळीस वर्षे राज्य केले. नवी सुधारणा खरी रुजली ती या काळात, आणि ती कशी रुजली हेच आजच्या लेखात सांगायचे आहे.

वाचकहो, ती वादात जिंकून रुजली नाही. निदान मोरबाथला तरी नाही. भीतीने लोक गप्प बसले, हे खरे. पण भीतीने माणसाचा हात थांबतो, मन बदलत नाही. मन बदलले ते रविवारांनी. दर रविवारी तीच प्रार्थना, तेच शब्द, आणि ते आपल्या भाषेत. बुवांच्या तोंडून पूर्वी लॅटिन ऐकताना म्हातारी माणसे माळ ओढीत. शब्द कळण्याची गरजच नव्हती. आता बाळाला पाण्याने नाव देताना, मुलगी नवऱ्याचा हात हातात घेताना, बापाला मातीत ठेवताना जे शब्द कानी पडत ते समजत होते. आणि माणसाला जे शब्द अशा वेळी ऐकावे लागतात, ते तो विसरत नाही. ज्ञानेश्वरमाउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणल्याला सातशेहून अधिक वर्षे झाली. भाषा आपली झाली की धर्मही आपला वाटतो, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. फरक एवढाच की, आपल्याकडे ती गोष्ट संतांनी प्रेमाने केली आणि तिथे राजाने हुकमाने केली.

दुसरे कारण मुले. 1560 साली जन्मलेल्या मोरबाथच्या मुलीने संत सिडवेलचा चांदीचा जोडा पाहिला नव्हता. मुलींच्या खात्यासाठी तिने कधी मेण आणले नव्हते. तिला प्रश्नोत्तरी पाठ करावी लागे ती इंग्रजीतली. तिच्या लेखी हाच धर्म आणि हाच जुना! नवी गोष्ट जिंकते ती जुनी माणसे पटून वळतात म्हणून नव्हे. ज्यांनी जुनी गोष्ट पाहिलीच नाही अशी माणसे घरात वाढतात म्हणून. खुद्द ल्यूथरनेही हे ओळखले होते. जर्मनीतल्या खेड्यांची पाहणी करून तेथील अज्ञान पाहिल्यावर 1529 साली त्याने छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, ती घरात आईबापांनी मुलांकडून म्हणून घ्यावी म्हणून.

तिसरे कारण वस्तूंचे. पूर्वी उपासनेतला द्राक्षारस फक्त पाद्री पीत असे, म्हणून प्याला लहान पुरे. नव्या रीतीत सर्वांनी प्यायचा, म्हणून प्याला मोठा हवा. एलिझाबेथच्या काळात डेव्हनभर जुने प्याले मोडून त्याच चांदीचे नवे, मोठे पेले घडवले गेले. मोरबाथलाही बुवांच्या अखेरच्या वर्षांत तसा पेला आला. ज्या गोष्टीला म्हाताऱ्या माणसांनी कधी स्पर्शही केला नव्हता, ती आता प्रत्येक शेतकऱ्याच्या ओठी लागत होती. सुधारणेने गावाकडून पुष्कळ घेतले हे खरे. पण दिले तेही लहान नव्हते.

आणि चौथे कारण, माझ्या मते सर्वांत मोठे, म्हणजे खुद्द ट्रिकीबुवा. हुकूम बदलले, पुस्तके बदलली, वेदी काढली, बसवली, पुन्हा काढली. पण समोर उभा राहणारा माणूस तोच होता. ज्याने बारसे केले, त्यानेच लग्न लावले. तो नवे पुस्तक वाचतो आहे ना, मग आपणही ऐकायला हरकत नाही, असे गाव म्हणाले असेल. पेन्स पेन्स साठवून काळी वस्त्रे घेणारा जुन्या धर्माचा हा भक्तच आपल्या गावात नव्या धर्माचा पूल झाला. नव्या मताच्या कोणा जहाल उपदेशकाला जे साधले नसते ते या माणसाच्या नुसत्या तिथे असण्याने साधले.

आता कोणी म्हणेल, हा तर वाऱ्याची पाठ पाहून चालणारा माणूस. चार राज्यकर्त्यांच्या काळात चार वेळा फिरला. पुढे त्याने शेजारच्या आणखी एका गावची वृत्तीही मिळवली. याला काय म्हणावे?

या प्रश्नाला उत्तर देताना मला दुसऱ्या एका इंग्रजाची आठवण होते, आणि तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. ज्या 1549 साली मोरबाथचे पाच तरुण छावणीवर गेले, त्याच सुमारास डेव्हनपासून फार लांब नसलेल्या विल्टशरमध्ये एक मुलगा जन्मला. मोठेपणी त्याला जुना कॅथलिक धर्म सोडवेना. एलिझाबेथच्या इंग्लंडात तो पाळणे कठीण. म्हणून त्याने देशच सोडला, रोममध्ये जेझुइट झाला आणि ट्रिकीबुवा वारल्यावर पाच वर्षांनी, 1579 साली, गोव्याला उतरला. तोच आपला फादर स्टीफन्स. 1616 साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, मराठी ओव्यांत. इंग्लंडातल्या त्या उलथापालथीचा एक ओघळ असा आपल्या भाषेपर्यंत येऊन पोचला.

एक गेला, एक राहिला. जो गेला त्याने आपली श्रद्धा राखली आणि आपल्याला एक काव्य दिले. त्याची थोरवी कोणी नाकारणार नाही. पण जो राहिला त्याने काय राखले? त्याने तेहतीस घरे राखली. तो बाणेदारपणे निघून गेला असता किंवा फासावर चढला असता, तर इतिहासात त्याचे नाव मोठ्या अक्षरांत आले असते. पण ज्या घरांतले तरुण परत आले नव्हते, त्या घरांच्या दारी दुसऱ्या दिवशी कोण गेले असते? त्याने देव बदलला असे म्हणण्यापेक्षा, माणसे बदलू दिली नाहीत असे म्हणावेसे वाटते. हा निवाडा चुकीचाही असेल. निवाडा करणे तिसऱ्याला नेहमीच सोपे असते.

हे मी अनुभवाने म्हणतो. आमच्या दादांचे सोवळे कडक. पूजेला आणि जेवायला कद नेसल्याशिवाय पाटावर बसायचे नाहीत. मग थोरल्या वहिनी घरात आल्या. त्या नोकरी करीत. सकाळी नऊची गाडी गाठायची. स्वयंपाक, सोवळे आणि गाडी यांचा मेळ काही बसेना. महिना दोन महिने घरात ताण होता. एके दिवशी दादा धूतवस्त्रातच जेवायला बसले. कोणाला काही बोलले नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होतो, तोंड फार चाले. मी म्हणालो, "दादा, तुम्ही इतकी वर्षे जे पाळलेत ते खरे मानत होतात ना? मग सुनेची गाडी चुकते म्हणून सोडलेत कसे?" दादा एवढेच म्हणाले, "भाजी घे." मी मनात त्यांना कच्च्या दिलाचे ठरवून टाकले, आणि पुष्कळ वर्षे तेच धरून बसलो.

दादा गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. एका लक्ष्मीपूजनाला सहज एक वही चाळत होतो. दूध, वर्तमानपत्र, आईचे औषध यांच्या खाली दादांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: 'कद, बोहारणीस. बदली परात एक, स्टीलची.' पुढे रकमेच्या रकान्यात त्यांनी रेघ मारली होती. कशाची किंमत लिहायची आणि कशाची नाही, हे त्यांना ठाऊक होते.

ती परात आमच्याकडे अजून आहे. यंदा तिच्यात अनारशांचे पीठ भिजते आहे. वहिनींची नात ते मळते आणि मधूनच विचारते, "आजोबा, सोवळे म्हणजे नक्की काय असायचे?" मी सांगू लागतो, ती ऐकते, पण परिकथा ऐकावी तशी.

संध्याकाळी पाटावर दादांची वही ठेवायची आहे. हळदकुंकू तीच वाहणार आहे.